शिकवणारी पाहुणी आणि घरची हेल्थ वर्कर

मागच्या महिन्यात पुण्याहून मावसबहिणीचा फोन आला. तिची मुलगी नर्सिंग करून ऑस्ट्रेलियात आलीय, तिला एका एजन्सीनं नॉर्दर्न टेरिटरीतल्या लांबच्या क्लिनिकची ऑफर दिलीय, पगार चांगला, घर फुकट, पण कागदावर एक ओळ आहे की ॲबोरिजिनल (म्हणजे इथल्या मूळ रहिवासी) हेल्थ प्रॅक्टिशनर्सना मेंटरिंग करावं लागेल, तर ताई हे नक्की काय असतं, आपल्याकडे सिस्टर लोक स्टुडंटना शिकवतात तसंच का? मी पाऊण तास बोलत होते तरी अर्धं राहिलंच, म्हणून इथे सगळं नीट लिहून काढतेय. मी मूळची मिरजेची, ॲडलेडला काही वर्षं हॉस्पिटलमध्ये काढली आणि मग मध्य ऑस्ट्रेलियातल्या एका वार्लपिरी बोलणाऱ्या गावात क्लिनिकला गेले. गावाचं नाव लिहीत नाही, लहान गाव आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात.

आधी जागा डोळ्यासमोर आणा. नॉर्दर्न टेरिटरी म्हणजे साडेतेरा लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, आपल्या महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा मुलूख, आणि माणसं किती तर अडीच लाखांच्या आसपास, एका तालुक्याएवढी. त्यातली निम्म्याहून जास्त डार्विन आणि आजूबाजूला. साधारण तीस टक्के लोक ॲबोरिजिनल आणि त्यातले बरेच अशा गावांत राहतात जिथून मोठं हॉस्पिटल म्हणजे कित्येक तासांचा कच्चा रस्ता नाहीतर विमान. पाऊस झाला की रस्ता बंद. गावात एक क्लिनिक, दोन-चार नर्स, एखाद-दोन हेल्थ प्रॅक्टिशनर, एक ड्रायव्हर, डॉक्टर ठरलेल्या दिवशी येणार आणि बाकी वेळ डीएमओ म्हणजे डिस्ट्रिक्ट मेडिकल ऑफिसर फोनवर. रात्री दोन वाजता छातीत दुखणारा माणूस आला तर तुम्ही, फोन आणि सकाळी येणारं विमान, एवढंच.

आता हे हेल्थ वर्कर कोण? आपल्या आशाताई डोळ्यासमोर येतात आणि सुरुवातीला तसं समजलं तरी चालेल, पण पुढे फरक आहे. आशाताईंना मानधन आणि कामाप्रमाणे पैसे मिळतात, इथे ही पगारी नोकरी आहे, आणि ज्यांनी सर्टिफिकेट फोर नावाचा कोर्स केलाय त्यांची १ जुलै २०१२ पासून देशपातळीवर नोंदणी होते, डॉक्टर-नर्सची होते तशीच, त्यांना हेल्थ प्रॅक्टिशनर म्हणतात आणि नोंदणी नसेल तर ते नाव कायद्यानं लावता येत नाही. नॉर्दर्न टेरिटरीत तर ही नोंदणी १९८५ पासूनच होती. ते रुग्ण तपासतात, रक्त घेतात, लस देतात, आणि ठरलेल्या प्रोटोकॉलमध्ये बसत असेल तर औषधही देतात. तो प्रोटोकॉल म्हणजे कार्पा मॅन्युअल, १९९२ साली पहिल्यांदा निघालेलं पुस्तक, प्रत्येक टेबलावर पानं दुमडलेली एक प्रत असतेच. नोंदणी नसलेलेही हेल्थ वर्कर असतात, त्यांचं काम थोडं वेगळं, पण गावात लोक दोघांनाही हेल्थ वर्करच म्हणतात.

ही कल्पना सरकारी ऑफिसात जन्मली असं मात्र नाही हं. डार्विनजवळ ईस्ट आर्मला कुष्ठरोग्यांचं हॉस्पिटल होतं, तिथे आणि मिशनच्या दवाखान्यांत १९५०-६० च्या काळात ॲबोरिजिनल माणसं मलमपट्टी, औषधं, पेशंट समजावणं हे सगळं करायला लागली होती. मग १९७१ ला सिडनीच्या रेडफर्नमध्ये ॲबोरिजिनल लोकांनी स्वतः चालवलेली पहिली आरोग्यसेवा सुरू झाली, १९७३ ला ॲलिस स्प्रिंग्जमध्ये काँग्रेस नावाची संस्था उभी राहिली (आपल्या राजकारणातली काँग्रेस नव्हे, तिचं पूर्ण नाव सेंट्रल ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिनल काँग्रेस). म्हणजे आमचं आरोग्य आमच्या हातात हवं ही मागणी आधीची आहे, सर्टिफिकेट नंतर आलं. नवीन नर्सला हे कुणी सांगत नाही आणि मग तिला वाटतं आपण मागासलेल्यांना शिकवायला आलोय. तिथूनच सगळं चुकायला लागतं.

मेंटरिंगमधली खरी गाठ माझ्या मते एकच आहे. शिकवणारा पाहुणा असतो आणि शिकणारा घरचा. नॉर्दर्न टेरिटरीतल्या दुर्गम क्लिनिक्सचा २०१३ ते २०१५ चा एक अभ्यास आहे, त्यात दिसलं की कामाला लागलेल्या नर्स आणि हेल्थ प्रॅक्टिशनर मिळून निम्मे लोक चारेक महिन्यांत ते क्लिनिक सोडून गेलेले, वर्षभरानं तिथेच टिकलेले साधारण पाचातला एक. आता विचार करा, एखादी ट्रेनी दोन-तीन वर्षं शिकतेय, तेवढ्यात तिच्यासमोरून किती नर्स गेल्या असतील, प्रत्येक जण नव्यानं सांगणार की ब्लड प्रेशर असं घे, नोट्स अशा लिही, आधीचीनं सांगितलं ते चूक. आमच्याकडची ट्रेनी, तिला मी इथे नापालजारी म्हणेन, एकदा मला म्हणाली की तू किती दिवस आहेस ते आधी सांग, मग मी ठरवते तुझं किती ऐकायचं. मला आधी लागलं ते, मग कळलं की याहून रास्त प्रश्न नाही.

नापालजारी हे तिचं खाजगी नाव नाही, ते स्किन नेम आहे आणि हे समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. वार्लपिरी समाजात आठ गट असतात, प्रत्येकाचं पुरुषांसाठी ज पासून आणि बायकांसाठी न पासून सुरू होणारं नाव, जापालजारी-नापालजारी, जाकामारा-नाकामारा असं. कुणाचं लग्न कुठल्या गटात होणार, मुलं कुठल्या गटात जाणार हे ठरलेलं. त्यामुळे गावातला प्रत्येक माणूस दुसऱ्या प्रत्येकाचा कुणीतरी लागतोच, आई, मामा, सासू, जावई, रक्ताचं नसलं तरी. आपल्याला हे तसं लवकर समजतं कारण आपल्याकडे पण काका वेगळा, मामा वेगळा, आतेभाऊ वेगळा, गोऱ्या नर्सला अंकल या एका शब्दापलीकडे काही नसतं.

नात्याबरोबर वागणं येतं. सासू आणि जावई एकमेकांच्या समोर येत नाहीत, बोलत नाहीत, एका खोलीत बसत नाहीत, हा मान आहे, भांडण नाही. आपल्याकडे पूर्वी सून सासऱ्यासमोर पदर घेऊन उभी राहायची ना, त्याहून कितीतरी कडक. मला तिथे जाऊन जेमतेम तीन आठवडे झाले असतील, दुपारी एक माणूस आला, पन्नाशीचा, छाती दाबून धरलेली. मी नापालजारीला म्हटलं ईसीजी लाव, आणि ती सरळ मागच्या दारानं बाहेर गेली. मी एकटीनं सगळं केलं, डीएमओला फोन, ॲस्पिरिन, सगळं, माणूस वाचला, आणि संध्याकाळी मी तिला चारचौघांत विचारलं की तू अशी पळून का गेलीस? तिनं खाली बघितलं आणि पुढचे चार दिवस ती कामावर आली नाही.

दोन दिवसांनी सीनियर हेल्थ प्रॅक्टिशनर, ज्यांना आम्ही सगळे आन्टी म्हणतो, त्या मला ट्रूपीत घेऊन गेल्या (ट्रूपी म्हणजे टोयोटाची मोठी गाडी, तीच ॲम्ब्युलन्स, तीच सगळं). कुठे जातोय ते सांगितलं नाही. बराच वेळ गप्प. मग समोर रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, तो जापानांग्का आहे, नापालजारीच्या मुलीचं लग्न जापानांग्काशी होतं, म्हणजे तो तिचा जावई. मी म्हटलं तिला मुलगीच नाही अजून, ती बावीस वर्षांची आहे. आन्टी म्हणाल्या, त्यानं काय फरक पडतो? आणि पुन्हा गप्प. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाल्या की तू दुसऱ्या कुणाला हाक मारायला हवी होतीस, आणि लोकांसमोर बोलायला नको होतंस. त्या दिवशी मेंटर कोण आणि शिकाऊ कोण हे वेगळं सांगायची गरज नाही.

चारचौघांत बोलणं ही माझी दुसरी आणि जास्त मोठी चूक. तिथल्या इंग्लिशमध्ये शेम हा शब्द आहे पण तो आपल्या शरमेपेक्षा मोठा आहे, सगळ्यांच्या नजरा एकट्यावर आल्या की शेम, मग रागावलेलं असो की कौतुक. म्हणजे स्टाफ मीटिंगमध्ये टाळ्या वाजवून शाब्बास म्हणालात तरी ती व्यक्ती अंग चोरून बसते. चूक सांगायची तर बाजूला, एकटीला, शक्यतो काहीतरी काम करता करता. समोरासमोर बसून डोळ्यात डोळे घालून फीडबॅक देणं हे आपल्या एचआरवाल्यांना आवडतं, तिथे ते भांडायला बसल्यासारखं वाटतं. शेजारी शेजारी बसायचं, गाडीत, ओट्यावर, औषधांची कपाटं लावताना. माझं निम्मं शिकवणं ट्रूपीत झालंय.

आणि गप्प बसता आलं पाहिजे हे तर फारच. डेली नदीकडच्या भाषांत दादिरी असा शब्द आहे, आतून शांतपणे ऐकणं, मिरियम-रोज उंगुनमर-बाउमन यांनी तो जगाला ओळखीचा करून दिला, २०२१ च्या सीनियर ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर त्याच. वार्लपिरींचा तो शब्द नाही पण सवय ओळखीची आहे. प्रश्न विचारल्यावर दहा-पंधरा सेकंद उत्तर आलं नाही की आपण घाईनं दुसरा प्रश्न टाकतो, त्यानं पहिला विचार तुटतो, ती व्यक्ती मग नुसतं येस म्हणून मोकळी होते. हे येस फार फसवं. आपल्या हो ला हो सारखं, वाद नको, समोरच्याचा मान राहू दे म्हणून. त्यामुळे समजलं का हा प्रश्न मी टाकूनच दिला. त्याऐवजी म्हणायचं, हे तू त्या आजींना तुमच्या भाषेत कसं सांगशील ते सांग ना, आणि नंतर मला इंग्लिशमध्ये सांग काय सांगितलंस. कितीदा तरी यातून कळलं की मी जे साधं समजून बोलत होते ते साधं नव्हतंच. २००२ साली डार्विनमध्ये डायलिसिसवरच्या योल्ंगू (टेरिटरीच्या उत्तरेकडचे ॲबोरिजिनल लोक) पेशंट्सच्या बोलण्याचा अभ्यास झाला होता, त्यात हेच आलं की दोन्ही बाजूंना वाटत होतं बोलणं नीट झालं, आणि प्रत्यक्षात खूप काही पोचलंच नव्हतं. इंग्लिश तिथे अनेकांची तिसरी-चौथी भाषा असते हे लक्षात ठेवा.

आता कामाचं एक उदाहरण देते म्हणजे हे सगळं कशासाठी ते कळेल. रुमॅटिक फीव्हर. घशात जंतूचं इन्फेक्शन होतं, मग शरीर उलटून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर हल्ला करतं, वारंवार झालं तर झडप कायमची खराब. आपल्याकडेही हा आजार आहे, अनेक घरांत पेनिड्युअरचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी घेणारं कुणीतरी असतं, ते तेच औषध. ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल मुलांमध्ये याचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त नोंदलेल्यांपैकी आहे, आणि त्याच देशातल्या शहरी गोऱ्या मुलांत तो जवळजवळ नाही, कारण मूळ आजार गर्दीच्या घरांचा आहे, एका घरात दहा-पंधरा माणसं आणि नळ दुरुस्त नाही. टेरिटरीत याचं रजिस्टर १९९७ पासून आहे. इंजेक्शन साधारण दर २८ दिवसांनी, वर्षानुवर्षं, घट्ट दुधासारखं औषध, जाड सुई, दुखतं खूप.

कॉम्प्युटर रिकॉल लिस्ट काढतो, अमुक मुलगा गुरुवारी ड्यू. सोमवारी सकाळी नापालजारी लिस्ट बघून म्हणाली, हा आजच. मी म्हटलं तीन दिवस आहेत. ती म्हणाली, त्याच्या आजीच्या बाजूला माणूस गेलाय, आज रात्री सगळे निघतील. याला सॉरी बिझनेस म्हणतात, कुणी गेलं की नातेवाईक शेकडो किलोमीटरवरून जमतात, आठवडे जातात, गेलेल्याच्या घरात कुणी राहत नाही, म्हणजे कॉम्प्युटरमधला पत्ताही खोटा ठरतो. गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, इतकं की त्याच नावाचं दुसरं जिवंत माणूस असेल तर त्यालाही कुमांजाई म्हणायचं. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या बायका, त्यावरून जिभेवरचा हा बंध आपल्याला थोडा तरी कल्पनेत येईल. नवीन नर्स वेटिंग रूममध्ये मोठ्यानं ते नाव पुकारते आणि अख्खी खोली दचकते. तर त्या सोमवारी दुपारी नापालजारीनं शाळेत जाऊन मुलाला आणलं, इंजेक्शन हातात धरून कोमट केलं, जागेवर बर्फ लावला, त्याच्याशी फुटबॉलवर बोलत राहिली आणि दिलं. मग ते लोक ज्या गावी जाणार तिथल्या क्लिनिकला फोन करून सांगून ठेवलं, पुढचंही तिकडेच निघालं तर असावं म्हणून. सुई टोचायची पद्धत मी शिकवली होती. बाकीचं मला कधीच येणार नव्हतं.

मग मी नेमकं काय केलं असं विचाराल तर सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे फोन. डीएमओला फोन करून पेशंट सांगायचा एक साचा आहे, आयस्बार म्हणतात, मी कोण, काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. नापालजारीला पेशंटचं सगळं माहीत असायचं पण फोन हातात आला की आवाज जायचा, पलीकडे अनोळखी डॉक्टर, भरभर इंग्लिश. आम्ही काय करायचो, आधी कागदावर तिच्या शब्दांत पाच ओळी, मग स्पीकर लावून मी शेजारी गप्प. पहिले कितीतरी फोन डॉक्टर मधेच म्हणायचे, जरा सिस्टरना द्या. तिथे मेंटरनं काय करायचं? फोन घ्यायचा नाही. मी म्हणायचे, प्रॅक्टिशनर सांगताहेत डॉक्टर, ऐका. एवढंच वाक्य. तीन-चार महिन्यांनी डॉक्टर तिला नावानं ओळखायला लागले.

नोट्स लिहिणं याहून अवघड आणि त्यात मी फार यश आलं असं म्हणणार नाही. कोर्सचं वाचन-लेखन इंग्लिशमध्ये, काही भाग बॅचलर नावाच्या गावातल्या इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी जाऊन, डार्विनच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटर, म्हणजे लहान मुलं घरी ठेवून हजार-पंधराशे किलोमीटर दूर. अनेक जणी इथेच सोडतात. बॅचलर इन्स्टिट्यूट बोथ वेज म्हणजे दोन्ही वाटांनी शिकणं असं धोरण ठेवते, योल्ंगू लोक यासाठी गान्मा शब्द वापरतात, नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी मिसळतं ती जागा. कोकणातल्या माणसाला खाडी म्हटलं की झालं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच हँडबुकमध्ये पुरेशी लिहिलेली मला दिसली नाही. पेशंट दगावला तर नर्स विमानानं निघून जाऊ शकते, हेल्थ वर्कर जाऊ शकत नाही. दुःखात लोक कारण शोधतात, बोट जवळच्या माणसाकडे जातं, घरच्यांचा घरच्यांवरच राग निघतो, तो पिढीभर टिकू शकतो. म्हणून काही वेळा प्रॅक्टिशनर एखादं इंजेक्शन द्यायला, एखादा निर्णय घ्यायला मागे सरते आणि बाहेरच्याला तो आत्मविश्वासाचा अभाव वाटतो. मेंटरनं इथे पुढं व्हायचं. डीएमओच्या सांगण्यावरून हा निर्णय मी घेतेय हे नातेवाईकांसमोर मोठ्यानं बोलायचं, ती पण ऐकेल आणि तेही ऐकतील असं. हे शिकवण्यात मोडत नाही पण माझ्या मते मेंटरचं पहिलं काम हेच.

आणि राग येतो त्या गोष्टीही सांगते. बऱ्याच ठिकाणी बाहेरून आलेल्या नर्सला एसीवालं सरकारी क्वार्टर मिळतं आणि हेल्थ वर्करला, ती लोकल आहे म्हणून, मिळत नाही. ती रात्रभर गर्दीच्या घरात जागून, शिवाय नातेवाईकांचा हम्बग सोसून (हम्बग म्हणजे पैसे दे, गाडी दे, औषध आणून दे अशी सततची मागणी, पगार असलेल्या माणसाला ती चुकत नाही), सकाळी आठला येते आणि दहा मिनिटं उशीर झाला की तिची नोंद होते. शिकलेल्या प्रॅक्टिशनरला पेशंट आणायला गाडी घेऊन पाठवायचं, दुभाषा म्हणून उभं करायचं, आणि तपासणी मात्र नर्सनं करायची, हे सर्रास. अशानं हात राहत नाही, मग वर्षानं नोंदणी नूतनीकरण करताना सराव कमी पडला म्हणायचं. कुठलंही मेंटरिंग यावर उपाय नाही, मॅनेजरशी भांडावं लागतं, आणि भांडायला पाहुणीला सोपं जातं कारण तिला कुणाची भीती नसते, तेव्हा भांडावं.

पुरुष हेल्थ वर्करला शक्यतो पुरुष मेंटर द्यावा, पुरुषांच्या काही गोष्टी बाईला कळूसुद्धा द्यायच्या नसतात, काही क्लिनिक्सना म्हणूनच वेगळं दार असतं. आणि दक्षिणेकडच्या अनंगू लोकांचे नंगकारी, म्हणजे पारंपरिक वैद्य, हॉस्पिटलांतही कामाला असतात, तेव्हा पेशंट म्हणाला आधी नंगकारीकडे जातो तर तोंड वाकडं करू नका, दोन्ही चालतं.

भाचीला मी सांगितलंय की कमीत कमी वर्षभर जाणार असशील तर जा, आणि सहा-सहा आठवड्यांचंच जमणार असेल तर पुन्हा पुन्हा त्याच गावात जा. गेल्यावर पहिले दोन आठवडे आन्टी कोण ते शोध, त्यांना विचार मी कुणाबरोबर बसू, कुणाबरोबर नको.

मी स्वतः मागच्या हिवाळ्यात सहा आठवड्यांसाठी परत गेले होते. नापालजारीचं सर्टिफिकेट फोर झालंय, भिंतीवर नोंदणीचा कागद लावलाय. माझ्याबरोबर एक तरुण नर्स नवीन आला होता, पर्थचा. पहिल्या सकाळी तिनं त्याला ट्रूपीत बसवलं, मला मागे बसायला सांगितलं, आणि गावातून हळूहळू गाडी फिरवत एकेका घराकडे हनुवटीनं दाखवत राहिली, हे घर सध्या रिकामं, इथे माझ्याशिवाय ये, या दारावर थाप मारू नको, बाहेर उभा राहा आणि वाट बघ. त्यानं वही काढली. ती म्हणाली, वही ठेव, आधी बघ.